जुन्या लाँचच्या बॅटऱ्या खरंच गेल्यात की अजून चालतील? घरी कशा तपासायच्या?

तापीकाठचा
नमस्कार मंडळी. आमची एक जुनी फायबरची लाँच आहे, उकाई धरणाच्या फुगवट्यावर, नवापूर तालुक्याच्या बाजूला. दोन सिलिंडर डिझेल इंजिन आहे. काकांनी सेकंडहँड घेतली होती, आता मी बघतो. माणसं, मासळीचे क्रेट, बाजाराचं सामान, जे येईल ते पलीकडे न्यायचं. फेरी काही फार लांबची नाही, वीस-पंचवीस मिनिटं इंजिन चालतं की आलाच काठ.

१२ व्होल्टच्या १०० एएचच्या (ॲम्पिअर-तास, म्हणजे किती साठवते ते) दोन बॅटऱ्या आहेत, पाणी टाकायच्या, साध्या. दोन्ही पॅरललमध्ये जोडलेल्या, इंजिनच्या बाजूच्याच पेटीत. त्याच्यावर सेल्फ, दोन-तीन एलईडी, हॉर्न, तळातलं पाणी उपसायचा पंप (फ्लोटवाला), मासे दिसायचं ते मशीन आणि प्रवाशांचे मोबाईल, ते तर कोणी विचारतही नाही, सरळ वायर खुपसतात. आता उन्हाळा लागल्यापासून रोज सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक टक टक. मग डिकॉम्प्रेशन उचलून हँडल मारा, प्रवासी बघत बसतात.

गंमत म्हणजे संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर मल्टीमीटर लावला तर १२.७ दाखवतो. दुकानदाराने काटेवाला टेस्टर दोन सेकंद टेकवला न टेकवला आणि म्हणे दोन्ही गेल्या, जोडीच बदला. आता जोडी बदलायची ऐपत या सीझनला नाही, सरळ सांगतो. कोणी सांगा की खरंच गेल्या का हे कसं ओळखायचं, आणि गेल्या नसतील तर अजून एक-दोन वर्षं कशा ओढायच्या.

धुळेकर_ऑटोइलेक
भाऊ, इंजिन बंद करून लगेच घेतलेल्या १२.७ ला काडीचा अर्थ नाही. तो वरवरचा चार्ज असतो, प्लेटांच्या पृष्ठभागावरचा. रात्रभर बॅटरी मोकळी ठेवा, म्हणजे खरंच मोकळी, निगेटिव्ह काढून, आणि सकाळी काहीही चालू करायच्या आधी मीटर लावा. तेवढा वेळ नसेल तर पाच-दहा मिनिटं लाईट लावून ठेवा, मग बंद करून थोडं थांबून मोजा. १२.६ ते १२.७ आलं तर फुल, १२.४ म्हणजे पाऊणेक, १२.२ ला निम्मी राहिली आणि १२ च्या खाली गेली तर ती उपाशीच आहे. उपाशी म्हणजे मेलेली नव्हे, एवढं लक्षात ठेवा, दुकानात हा फरक कोणी सांगत नाही कारण सांगून त्यांचा धंदा होत नाही.

पण त्याच्या आधी एक काम करा, दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवा. पॅरललमध्ये दोघींचा व्होल्टेज एकच दिसणार, कोण चांगली कोण वाईट काही कळणार नाही. त्यात एकीचा सेल बसलेला असेल तर ती रात्रभर दुसरीला पिऊन टाकते.

आणि टक टक म्हणजे बॅटरीच, असं डोक्यात धरू नका. माझ्याकडे येणाऱ्या ट्रॅक्टरांत कितीतरी वेळा बॅटरी ठीक असते आणि लगच्या (केबलच्या टोकाची, टर्मिनलवर बसणारी पकड) आत हिरवा-पांढरा बुरशीसारखा थर जमलेला असतो, वरून बघायला टर्मिनल चकाचक. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर (लगवर नाही, खुंटावर), दुसरी पिन इंजिनच्या बॉडीवर जिथे अर्थ बसतो तिथे, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. फरक ०.२-०.३ च्या वर गेला तर त्या रस्त्यात कुठंतरी करंट अडतोय. तसंच पॉझिटिव्हच्या बाजूला, खुंटापासून सेल्फच्या बोल्टापर्यंत. लग काढताना आधी निगेटिव्ह काढायचा, लावताना निगेटिव्ह शेवटी. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी सेलच्या झाकणातून आत जाता कामा नये, मग कोरडं करून घासा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली.

टीएल_भुसावळ
राम राम. वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. मी रेल्वेत ट्रेन लायटिंगला होतो, डब्यांच्या खाली बॅटऱ्यांच्या पेट्या असतात त्यांच्या देखभालीला, आता रिटायर आहे. आमच्याकडे व्होल्टेजपेक्षा ग्रॅव्हिटीला, म्हणजे ॲसिड पाण्यापेक्षा किती जड आहे त्याला, मान. पाण्याच्या बॅटरीचं खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो, बाकी सगळं अंदाज. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा, कुठल्याही बॅटरीवाल्याकडे किंवा ऑटो पार्टच्या दुकानात मिळेल आणि बॅटरीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

सहाही सेलची वेगवेगळी घ्यायची आणि कागदावर लिहायची. सेल नंबर पॉझिटिव्हकडून मोजायचे, दरवेळी त्याच क्रमाने, नाहीतर पुढच्या महिन्याला कोणता सेल कोणता हे कळत नाही. फुल चार्ज बॅटरी साधारण १.२६०-१.२६५ दाखवते, निम्मी असेल तर १.१९०-१.२०० च्या आसपास आणि १.१२० म्हणजे पार उतरलेली. पण बॅटरीवरचं लेबल बघा, आपल्याकडे इन्व्हर्टरच्या ट्युब्युलरमध्ये कंपनी मुळातच १.२४० भरते, ती १.२४० ला फुल असते, तिला उगाच १.२६५ ची वाट बघत चार्जिंगला ठेवू नका.

दुसरं, आपला खान्देश. हे आकडे २७ डिग्रीचे आहेत. मे महिन्यात तुमच्या इंजिनशेजारच्या पेटीत ॲसिडच ४२-४५ डिग्री असेल. दर १० डिग्रीला सुमारे ०.००७ मिळवायचे. म्हणजे ४२ डिग्रीला १.२३० दिसलं तर खरं १.२४० धरा. थंडीत पहाटे घेतलं तर उलट, वजा करा.

मुख्य गोष्ट आकडा किती हा नाही, सहा सेल एकमेकांशी जुळतात का ही आहे. सगळे सारखेच खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे, चार्ज करा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा जास्त खाली असेल आणि पोटभर चार्ज करूनही वर येत नसेल तर तो सेल गेला, मग पाच सेल सोन्याचे असले तरी उपयोग नाही.

नळी भरली की काटा काचेला चिकटत नाही ना ते बघा, नळी डोळ्यासमोर सरळ धरा. नुकतंच पाणी टाकलेलं असेल तर त्या दिवशी घेऊ नका, पाणी वरच तरंगत असतं, खोटा आकडा येतो. रीडिंग घेतली की ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडा, दुसऱ्यात नाही. डोळ्यांना चष्मा, जवळ पाण्याचा मग, बिडी लांब.

गिरणेचा_पाहुणा
एवढा खटाटोप कशाला राव. एप्सम सॉल्ट टाका प्रत्येक सेलमध्ये चमचाभर, यूट्यूबवर सगळे दाखवतात, मेलेली उठते. नाहीतर सरळ लिथियम घ्या, कटकटच मिटली, पाणी नाही ॲसिड नाही.

धुळेकर_ऑटोइलेक
@गिरणेचा_पाहुणा एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. व्होल्टेज दोन दिवस बरा वाटतो, पण प्लेटेवरून झडलेला मसाला काही त्याने परत चिकटत नाही, आणि तळाशी जमलेल्या गाळाने शॉर्ट झालेला सेल तर मुळीच नाही. व्हिडिओवाल्याचं काय, त्याला दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावरून माणसं आणायची नसतात.

लिथियम वाईट नाही पण जुन्या लाँचमध्ये नुसती पेटी बदलून भागत नाही. ती बॅटरी करंट इतका ओढते की लहान अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) फुल लोडवर तापत राहतो, आणि इंजिन चालू असताना आतल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणारं सर्किट) मध्येच कट मारला तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. त्यात सगळ्या लिथियम सेल्फला चालत नाहीत, तेवढा झटक्याचा करंट द्यायची सोय असलीच पाहिजे. आणि इंजिनच्या शेजारी ५० डिग्रीत तीही सुखी राहत नाही.

तापीकाठचा
सगळ्यांना धन्यवाद, भुसावळच्या नानांना विशेष. नंदुरबारहून हायड्रोमीटर आणला. दोन्ही बॅटऱ्या सोडवून रात्रभर ठेवल्या आणि सकाळी लवकर रीडिंग घेतली, ॲसिड साधारण ३० डिग्री होतं त्यामुळे बेरीज-वजाबाकी केली नाही. लेबलवर फुल चार्ज १.२६० लिहिलंय.

डावी बॅटरी: १.२३०, १.२३५, १.२३०, १.२२५, १.२३०, १.२३०. व्होल्टेज १२.४.
उजवी बॅटरी: १.२१०, १.२१५, १.१३०, १.२१०, १.२१५, १.२०५. व्होल्टेज १२.२.

धुळेकर भाऊंनी सांगितलेली अर्थवाली टेस्ट पण केली. सेल्फ मारताना खुंट ते इंजिन बॉडी ०.९ व्होल्ट! लग उघडला तर आतून तार काळी पडलेली, अर्ध्या तारा तुटलेल्या. ती केबल कोणी कधी बसवली देव जाणे.

अजून एक. सगळं बंद करून मल्टीमीटर १० ॲम्पिअरवर निगेटिव्हच्या मध्ये लावला तर ०.३५ ॲम्पिअर जातोय, सगळं बंद असताना! एकेक फ्यूज काढत गेलो तरी जाईना. शेवटी सापडलं, मासे दिसायच्या मशीनची वायर आधीच्या मालकाने फ्यूजबॉक्सला न लावता थेट बॅटरीवर जोडलेली, काळ्या टेपने गुंडाळलेली. स्क्रीन बंद केला तरी आत काहीतरी चालूच राहतं. ती काढली, आता मीटर शून्य.

धुळेकर_ऑटोइलेक
०.३५ म्हणजे दिवसाला साडेआठ एएच. आठवडाभर लाँच बांधून ठेवली तर साठेक एएच नुसतं मशीन पिणार. बॅटरीला शिव्या खायला लागल्या बिचारीला. आणि मीटर तसा मध्ये लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटर.

टीएल_भुसावळ
भाऊ, उजवी तं मरेल शे, डावी अजून जित्ती शे. उजवीचा तिसरा सेल बघा, बाकीच्यांपेक्षा ०.०८० खाली. तरी लगेच भंगारात देऊ नका, आधी दोघींना वेगवेगळं, बाहेर काढून पूर्ण चार्ज करा. एका पट्टीतला हिशोब सांगतो, सेलची ग्रॅव्हिटी अधिक ०.८४ म्हणजे त्या सेलचा मोकळा व्होल्टेज. तुमच्या डावीचं १.२३० + ०.८४ = २.०७, गुणिले सहा, १२.४ आलं. मीटरशी जुळलं म्हणजे तुमचा हायड्रोमीटर आणि मीटर दोन्ही खरे.

चार्जर १० ॲम्पिअरचा पुरे. १४.४ पर्यंत चढू द्या आणि तिथे बराच वेळ राहू द्या. शेवटचा वीस टक्के चार्ज फार सावकाश जातो, चार-पाच तास सहज लागतात, घाई केली तर नुसता गॅस होतो. तासातासाने ग्रॅव्हिटी घ्या, लागोपाठ तीन वेळा तीच आली की झाली फुल. पाणी चार्जिंगनंतर टाकायचं, आधी नाही (प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढ्यापुरतं आधी), कारण चार्जिंगमध्ये पातळी चढते आणि वरून उतू जातं. फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही, आरओचं पण नाही, आपल्या बोअरचं पाणी किती जड ते घरच्या गिझरला विचारा.

मग डावीची कपॅसिटी. ट्रकच्या हेडलाईटचा १२ व्होल्टचा ६० वॅटचा बल्ब घ्या (२४ चा नको), तो ५ ॲम्पिअर खातो. १०० एएचची बॅटरी वीस तासांच्या हिशोबाने मोजतात म्हणजे बरोबर ५ ॲम्पिअर. फुल चार्ज करून काही तास मोकळी ठेवा, बल्ब लावा, घड्याळ बघा आणि १०.५ व्होल्टला आली की काढा. सोळा तास गेले तर ऐंशी टक्के, दहा तास गेले तर निम्मी. शेवटच्या तासात डोळा लावून बसा, तिथून ती भरभर पडते. आणि बल्ब काढला की त्याच दिवशी परत चार्जिंगला, रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट कडक होतो. ही टेस्ट वर्षातून एखादवेळा ठीक, रोजचा खेळ नाही. बल्ब भलताच तापतो, फायबरपासून आणि डिझेलपासून लांब टांगा.

सोलर_शहादा
दादा मी सोलर पंप बसवतो, बॅटरीतलं नाना जास्त जाणतात, पण तुमच्या बॅटऱ्या उपाशी का राहतात ते मला दिसतंय. वीस मिनिटं इंजिन, त्यात सेल्फने खाल्लेलं भरायचं, पंपाने रात्री खाल्लेलं भरायचं, मोबाईल वेगळेच. अल्टरनेटर वीस मिनिटांत वरवर भरतो, शेवटचा भाग कधीच भरला जात नाही. इंजिन रेस करून बॅटरीच्या खुंटावर मोजा, १३.८ ते १४.४ पाहिजे. १३.५ च्या खालीच राहत असेल तर बेल्ट किंवा रेग्युलेटर बघा, १४.८ च्या वर असेल तर आपल्या उन्हात पाणी उकळून संपेल.

उपाय म्हणजे छतावर ५० वॅटचा पॅनल. आपल्याकडच्या उन्हात दिवसाला बारा-पंधरा एएच आरामात येतात, जास्त नकोच. लाँच काठाला बांधलेली असते तेव्हाच तर हे काम होतं, सावकाश, दिवसभर, जे इंजिनला जमत नाही ते. पण कंट्रोलरशिवाय जोडू नका, आणि कंट्रोलर बॅटरीच्या पेटीजवळ लावा, कारण चांगला कंट्रोलर तापमान बघून व्होल्टेज कमी करतो, २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी साधारण ०.०२ ते ०.०३. वर छपरावर उन्हात लावला तर त्याला वाटतं बॅटरी ६० डिग्रीला आहे, मग तो कमी चार्ज करतो. सेटिंग फ्लडेडवर (पाण्याच्या बॅटरीची) ठेवा, जेलवर नाही.

आणि ती पेटी इंजिनच्या बाजूने हलवा हो. बॅटरीचं तापमान आठ-दहा डिग्रीने वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. पलीकडच्या बाजूला, तळातल्या पाण्याच्या वर, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, पट्ट्याने आवळून. पेटीला वर भोकं पाहिजेत, चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. झाकण घट्ट बंद करून वर माणसं बसवू नका.

तापीकाठचा
अपडेट. दोन्ही पूर्ण चार्ज केल्या. डावी सगळे सेल १.२५५ ते १.२६० आले. उजवीचे पाच १.२४५ पर्यंत आले, तिसरा १.१४५ वर अडकला तो अडकलाच, आणि त्या सेलमध्ये बुडबुडे पण आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो परत खाली.

अर्थची केबल नवीन टाकली, जाड घेतली, लग दाबून बसवून घेतले. आता तिथला फरक ०.१५. एकट्या डावीवर सेल्फ मारला तर व्होल्टेज १०.६ पर्यंत पडतो आणि इंजिन पहिल्या फटक्यात. उजवीवर एकटीवर ८.९ आणि तेच टक टक. बल्बवाली टेस्ट पण केली, रात्री भावाला जागं ठेवलं, साडेचौदा तास निघाले.

म्हणजे एकच बॅटरी घ्यायची का? आणि ती डावीसोबत परत पॅरललमध्ये लावू का? बॅटरीवाला म्हणतो तीच जुनी-नवी जोडी चालते.

टीएल_भुसावळ
साडेचौदा तास म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तर टक्के. बल्ब शेवटी शेवटी थोडा कमी खातो म्हणून सत्तर धरा. लाईट-पंपासाठी कमकुवत आहे पण सेल्फला दोन सेकंद झटका द्यायला अजून ठणठणीत आहे.

जुनी-नवी जोडी नका लावू. नवी जुनीच्या पातळीला येते, जुनी नवीच्या नाही. डावी फक्त सेल्फला ठेवा. नवी घ्याल ती लाईट, पंप, मशीन, मोबाईल यांच्यासाठी वेगळी घ्या, डीप सायकलची, जाड प्लेटांची, सेल्फची पातळ प्लेटांची रोज अर्ध्यावर उतरवली तर टिकत नाही. इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर चालते पण उंचीला मोठी आणि वजनाला जड, लाँच हलते तेव्हा ती नीट आवळायची सोय आधी बघा. रोज ५० टक्क्यांच्या खाली उतरू देऊ नका, म्हणजे मोकळी ठेवून १२.२ च्या खाली नाही. पॅनल नव्या बॅटरीवर जोडा.

धुळेकर_ऑटोइलेक
दोघींमध्ये चार्जिंगसाठी १-२-बोथ (पहिली, दुसरी किंवा दोन्ही जोडणारा) असा स्विच मिळतो. इंजिन चालू असताना तो ऑफवर फिरवायचा नाही, अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जाऊ शकतात. प्रवासी पोरं हात लावणार नाहीत अशा जागी बसवा. जास्त पैसे घालायची तयारी असेल तर व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा रिले घ्या, विसरायचं कामच नाही.

तळातल्या पंपाची वायर मात्र मेन स्विचच्या आधी, वेगळ्या फ्यूजसह, नव्या बॅटरीवरून घ्या. मेन बंद करून घरी गेलात आणि रात्री पाणी भरलं तर पंप चालला पाहिजे. आणि फ्लोट महिन्याला हाताने उचलून बघा, तिथे शेवाळ, जाळ्याचा धागा अडकला की पंप कोरडा चालत राहतो आणि पुन्हा सकाळी टक टक.

तापीकाठचा
समजलं. मोबाईलवाल्यांसाठी पण वेगळा फ्यूज टाकतो, चिडतील थोडे. उजवी भंगारात किलोवर दिली तर चालेल ना? आणि पावसाळ्यात आम्ही लाँच वर ओढून ठेवतो, दोन-अडीच महिने, तेव्हा बॅटऱ्या काढू की आतच ठेवू?

सोलर_शहादा
किलोवाल्याला नको, नवी घेताना दुकानातच जमा करा, एक्सचेंजमध्ये पैसे कापून मिळतात. २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन रिसायकल करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. रस्त्यावरचा भंगारवाला ॲसिड नाल्यात ओततो, तो नाला शेवटी तापीतच जातो.

टीएल_भुसावळ
काढा. पूर्ण चार्ज करून, वरचा भाग पुसून कोरडा करून, घरात सावलीत ठेवा. पाण्याची बॅटरी नुसती पडून पण महिन्याला चार-पाच टक्के उतरते, गरमीत जास्त. महिन्यातून एकदा चार्जरला लावा आणि ग्रॅव्हिटी त्याच वहीत लिहा. आणि चार्जिंगला लावाल ती खोली देवघराची नको, उदबत्ती पेटवतात तिथे.